वाचकांचे प्रश्न : रेल्वे क्लबात माझं काय काम?

मंगळवारी संध्याकाळी मला फोन करू नका, मी मॉडेल रेल्वे क्लबात असतो, असं मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात लिहून गेलो. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी मध्य रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो, त्यातली बरीच वर्षं कर्जत-लोणावळा घाटात गेली. आता मुलीकडे, अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळ राहतो. या छंदाच्या दृष्टीने जागा नामी सापडली. मॉडेल रेल्वेचं सामान विकणारी वॉल्थर्स कंपनी इथे 1932 मध्ये सुरू झाली, ‘मॉडेल रेलरोडर’ हे मासिक 1934 मध्ये इथूनच निघालं आणि एनएमआरए ही छंदवाल्यांची देशव्यापी संघटना 1935 मध्ये इथेच जन्मली. आसपास क्लबांना तोटा नाही. आमचा क्लब एका जुन्या गोदामाच्या तळघरात आहे. लेआउट, म्हणजे टेबलांवर मांडलेली आमची अख्खी छोटी रेल्वे, एचओ मापाचा आहे, म्हणजे खऱ्याच्या 1/87. सभासद वीस-बावीस, बहुतेकांचे गुडघे गेलेले. त्यामुळे लेआउटखाली उताणं पडून वायरी जोडायचं काम सत्तरी ओलांडलेल्या माझ्याकडेच येतं.

पत्रं काटछाट करून घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीचा, बँकेतून निवृत्त. सहा महिने मुलाकडे ओहायोला जातोय. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं, पण मॉडेलला कधी हात लावलेला नाही. इंग्रजी बँकेपुरतं. असल्या क्लबात मला घेतील का? आणि घेतलं तर मी तिथे करू काय?

घेतील, अगदी आनंदाने घेतील. गाड्या चालवायला क्लबात माणसं कधीच कमी पडत नाहीत, कमी पडतात ती बाकीच्या कामांना. नोव्हेंबर हा इथे मॉडेल रेल्वेचा महिना मानतात. बरेच क्लब तेव्हा ‘ओपन हाउस’ करतात, म्हणजे शनिवार-रविवार दारं सगळ्या गावाला उघडी. गाड्या चालवायला तिघे-चौघे पुरतात. पण दारात उभं राहून येणाऱ्यांची नोंद ठेवायला, फरशीवर आलेलं बर्फाचं पाणी पुसायला, चिमुरड्यांना दिसावं म्हणून पाट-स्टुलं सरकवायला आणि ‘बघायचं हं, हात नाही लावायचा’ हे दिवसभर न वैतागता म्हणायला दहाजण हवेत. ते दहाजण मिळवताना सेक्रेटरीच्या तोंडाला फेस येतो.

पहिल्या संध्याकाळी तुमच्या वाट्याला काय येईल तेही सांगून ठेवतो : चाकं पुसणं. मॉडेलचं इंजिन रुळातून वीज घेतं. धूळ, तेलाचा अंश आणि बारीक ठिणग्यांची काजळी मिळून रुळांवर नि चाकांवर काळा थर बसतो. मग इंजिन अडखळायला लागतं, डब्यातले दिवे लुकलुकतात. त्यावर उपाय असा की कागदी टॉवेलची पट्टी रुळांवर आडवी टाकायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवायची, एका हाताने घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने डबा तिच्यावरून पुढे-मागे लोटायचा. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा फिकट झाल्या की डबा झाला. पट्टी सरकवायची, पुढचा डबा घ्यायचा. असे दीडशे डबे रांगेत उभे असतात. टेबलापलीकडे बसलेला सद्गृहस्थ तेच करत असतो, आणि दहाव्या डब्याला त्याच्या नातवंडांची नावं आपल्याला पाठ झालेली असतात.

इंग्रजीची चिंता नको. समोरासमोर बसून नुसत्या गप्पा मारायच्या म्हटलं की शब्द दडी मारतात, हात कामात असले की ते येतात, आणि नाही आले तरी कुणाचं अडत नाही. शिवाय तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे. ज्या देशात बऱ्याच लोकांनी रेल्वेत बसून कामावर जाणं फक्त सिनेमात बघितलंय, तिथे सकाळच्या फास्ट लोकलमध्ये डोंबिवलीला कसं चढतात हे एकदा सांगून बघा. दीडशे डबे बाजूला राहतील.

दोन सूचना. पाहुण्याच्या व्हिसावर असताना क्लबातलं पद किंवा नेमून दिलेली जबाबदारी अंगावर घेऊ नका आणि एक पैसा कुणाकडून घेऊ नका. छंदापायी चार लोकांत जाऊन बसलात, तेवढंच ठेवा. दुसरं, बहुतेक गावांत रात्री परतायला बस नसते. मुलाला दर आठवड्याला हेलपाटा घालायला लावू नका, पहिल्याच दिवशी विचारा की माझ्या बाजूला कोण राहतं. न्यायला-आणायला कुणीतरी निघतंच. विचारायला आपल्यालाच संकोच होतो, त्यांना सांगायला होत नाही. क्लब सापडत नसेल तर जवळचं हॉबी शॉप गाठा, तिथल्या काउंटरवरच्या माणसाला पंचक्रोशीतले सगळे क्लब आणि त्यांच्यातली भांडणं ठाऊक असतात.

प्रश्न : साठीचे बाप्ये खेळण्यातल्या गाड्या फिरवत बसतात आणि त्याला तुम्ही समाजाची सेवा म्हणता? आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा पाणी मिळतं. (वाचक, सांगोला)

सेवा हा शब्द मी वापरला नव्हता, आणि टँकरपुढे तो वापरणारही नाही. क्लब हा हौशी लोकांचा अड्डा आहे. गावाला त्यातून काही मिळत असेल तर ते जोडीने मिळतं. पण ‘नुसतं खेळणं’ म्हणाल तर तेही खरं नाही.

डिसेंबरात आमच्या प्रदर्शनाला तिकीट नसतं, दारात एक खोकं असतं. नवं कोरं खेळणं त्यात टाकायचं. ती खेळणी ‘टॉइज फॉर टॉट्स’कडे जातात. अमेरिकी मरीन दलाच्या राखीव सैनिकांनी 1947 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केलेला हा उपक्रम आहे, नाताळात ज्या घरांत खेळणं येणार नाही तिथे ते पोचवतात. दुसरं काम फाटकांचं. इथे रुळ गावाच्या मधून जातात, कित्येक फाटकांवर दांडासुद्धा नसतो. रुळांवरचे अपघात टाळण्यासाठी ‘ऑपरेशन लाइफसेव्हर’ नावाची संस्था आहे, 1972 मध्ये आयडाहो राज्यातून सुरू झालेली. तिचे कार्यकर्ते प्रदर्शनात येतात. आम्ही त्यांना लेआउटचं फाटक वापरायला देतो. मालगाडीच्या ड्रायव्हरला रुळांवर काही दिसलं आणि त्याने ब्रेक लावला तरी गाडी मैल-दीड मैल पुढे जाऊनच थांबते, हे मुलांना भाषणात कळत नाही. टेबलावरच्या गाडीने फाटकापासून लेआउटचं दुसरं टोक गाठलं की कळतं.

पण माझ्या लेखी क्लबाचं सगळ्यात मोलाचं काम यातलं कुठलंच नव्हे. छंद म्हातारा होत चाललाय. दर वर्षी कुणी ना कुणी जातो आणि मागे तळघरभर रेल्वे उरते. बायकोने चाळीस वर्षं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून फक्त ‘जेवायला या’ म्हटलेलं असतं. यात बराच पैसा गेलाय एवढं तिला माहीत असतं, कशात गेलाय ते नाही. मुलं परराज्यातून चार दिवसांच्या रजेवर आलेली, घर विकायला काढलेलं. नेमका तेव्हा कुणीतरी फोन करतो, सगळ्याची मिळून ठोक रक्कम सांगतो आणि उद्याच ट्रक आणतो म्हणतो. ती रक्कम काय असते ते इथे लिहायला लाज वाटते.

म्हणून आमच्या क्लबात तिघांची एक समिती आहे. मी तिच्यात आहे. घरच्यांना पहिली विनंती फोनवरच करायची : रिकामी खोकी टाकू नका. मूळ खोकं असलं की इंजिनाला किंमत येते, आणि आवराआवरीत घरातली माणसं सर्वांत आधी फेकतात ती खोकीच. पहिल्या दिवशी आम्ही कशाला हात लावत नाही, नुसते फोटो काढतो. मग एकेक फळी उतरवायची. प्लास्टिकचे साधे मालडबे, भले पाचशे असोत, सुटे विकले तर किरकोळ पैसे येतात. त्याच फळीवर मागच्या बाजूला फोममध्ये गुंडाळलेलं जपानी बनावटीचं पितळी इंजिन निघतं आणि त्या एकट्याची किंमत अख्ख्या फळीएवढी असते. हे ओळखणारा माणूस जाणता हवा, आणि जाणता माणूसच घरच्यांना सहज गंडवू शकतो. तेव्हा नियम कडक ठेवलेत. किंमत दोघांनी एकमेकांना न दाखवता लिहायची. यादी घरच्यांच्या हातात लेखी द्यायची. त्यांनी ती वाचून हवं ते बाजूला काढेपर्यंत क्लबातल्या कुणी एक स्क्रूही विकत घ्यायचा नाही. समितीवाल्यांनी तर त्यानंतरही नाही. या नियमापायी आमचा एक चांगला सुतारकाम करणारा सभासद क्लब सोडून गेला. जाऊ दे.

मध्यंतरी अशाच एका घरी फळीवर वही निघाली. गृहस्थांनी प्रत्येक खरेदी तारीखवार लिहून ठेवलेली. किमतीचे रकाने दोन, एक खरी किंमत, दुसरी घरी सांगितलेली. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत राहिलो. बाईंनी चष्मा लावून दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, ‘दुसरा रकाना मला पाठ आहे. पहिला आज कळला.’ मग एवढ्या हसल्या की त्यांच्या मुलीने वरून खाली येऊन काय झालं ते विचारलं. वही त्यांनी विकायच्या ढिगातून काढून घेतली.

टँकरचं मी काही करू शकत नाही. पण सांगोल्याला वयस्कर माणूस गेल्यावर त्याची पुस्तकं, अवजारं, जुनी नाणी भंगाराच्या भावात जातात की नाही, ते बघा.

प्रश्न : मी चार्टर्ड अकाउंटंट, सध्या नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासमध्ये एच-4 व्हिसावर. काम करता येत नाही. शेजारच्या क्लबाने हिशेब बघाल का म्हणून विचारलंय. चालेल का?

बिनपगारी, आणि जे काम तिथे एरवीही कुणी पगार घेऊन करत नाही असं काम असेल, तर सर्वसाधारणपणे चालतं. मानधन नको, गिफ्ट कार्ड नको, ‘वर्गणी माफ’ अशीही देवाणघेवाण नको. क्लब ना-नफा संस्था म्हणून नोंदलेला आहे का ते विचारा. तरीही एकदा इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्या, या बाबतीत सिग्नलवाल्याच्या भरवशावर राहू नका.

चालत असेल तर जाच. असल्या क्लबांत दहा जणांना सोल्डरिंग येतं, हिशेब एकालाही येत नाही. ज्या छोट्या संस्थेची वर्षाची जमा साधारण 50,000 डॉलरांच्या आत असते, तिला आयकर खात्याकडे 990-एन नावाचं एक चिमुकलं ऑनलाइन विवरण भरावं लागतं. भरायला दहा मिनिटं पुरतात. पण सलग तीन वर्षं राहिलं तर करसवलत आपोआप जाते. खजिनदार आजारी पडला, पत्ता बदलला, आठवण करणारं पत्र जुन्या घरी गेलं, असं म्हणता म्हणता तीन वर्षं सरतात. तुमच्यासारखी एक व्यक्ती असली तर क्लब वाचतो.

प्रश्न : क्लबात भांडणं होतात का? (ठाणे)

होतात हो. 1950 च्या वाफेच्या इंजिनामागे 1990 चे डबे जोडावेत का, यावर दोन सभासद गेले वर्षभर एकमेकांशी फक्त तिसऱ्यामार्फत बोलतात. सोल्डरिंगचं आयर्न चालू कुणी ठेवलं हा दुसरा कायमचा विषय. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेला बसलेल्या माणसाला काही नवं वाटणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा, ऑटिस्टिक आहे. न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या गाड्यांची वेळापत्रकं त्याला तोंडपाठ आहेत, पण अनोळखी माणसाशी चार शब्द बोलत नाही. गर्दी आणि आवाज सहन होत नाही. त्याला क्लबात न्यावं का? (आई, न्यूजर्सी)

ताई, न्या. पण ओपन हाउसला नेऊ नका. तिथे दोनशे माणसं, पोरांचा कलकलाट आणि एकाच वेळी पाच इंजिनांचे भोंगे. आधी क्लबाला फोन करा आणि साध्या कामाच्या संध्याकाळी अर्धा तास यायची परवानगी मागा. आता काही क्लब प्रदर्शनाच्या दिवशी पहिला तास ‘शांत तास’ ठेवतात, भोंगे बंद, दिवे मंद, आत मोजकी माणसं. तुमच्याकडचे ठेवत नसतील तर सुचवा, खर्च काहीच नाही.

तुमच्या जवळच एक चांगली सोय आहे. ब्रुकलिनमधल्या न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियममध्ये ‘सबवे स्लूथ्स’ नावाचा कार्यक्रम खास अशाच मुलांसाठी चालवतात. शाळेनंतर छोट्या गटात जमतात, आणि मुलांचं रेल्वेप्रेम हाच त्यांच्या मैत्रीचा धागा धरतात. त्यांच्याकडे चौकशी करा.

क्लबात नेलंत की त्याला ‘बोल, नाव सांग’ असा आग्रह कुणी करणार नाही हे आधी बघा. एखादं ठरलेलं काम मागून घ्या. आमच्याकडे ऑपरेटिंगची रात्र असते तेव्हा खऱ्या रेल्वेसारखं चालतं. प्रत्येक डब्याचं कार्ड असतं, त्यावर तो कुठून कुठे जायचा ते लिहिलेलं, आणि डिस्पॅचरने, म्हणजे गाड्या सोडणाऱ्या नियंत्रकाने, परवानगी दिल्याशिवाय गाडी हलत नाही. कार्डं गाडीच्या क्रमाने लावून ठेवायचं काम आमच्याकडे एक मुलगा करतो. तो सुरुवातीला कोपऱ्यात पाठ करून बसायचा. आता कार्ड चुकीच्या खणात दिसलं तर ‘हे इथलं नाही’ एवढं वाक्य तो मोठ्याने बोलतो. मोठमोठ्या माणसांना ऐकवतो, आणि त्याचं बरोबरच असतं. बोलायला कारण लागतं. वेळापत्रक पाठ असलेल्या मुलाला डिस्पॅचरशेजारच्या खुर्चीएवढं दुसरं चांगलं कारण नाही.

हातांची अडचण असलेल्या मुलांसाठीही या छंदात विचार झालेला आहे. गायक नील यंग यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला घरची रेल्वे स्वतः चालवता यावी म्हणून त्यांनी मोठ्या बटणाचं नियंत्रण तयार करवून घेतलं, आणि पुढे लायोनेल या खेळण्यांच्या रेल्वेच्या कंपनीत ते भागीदारही झाले.

आणखी एक. आई किंवा बाबा मुलासोबत हजर हवेतच असा नियम चांगल्या क्लबात असतो, आणि मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलेली असते. हे विचारल्यावर कुणी नाक मुरडलं तर त्या क्लबात पाऊल ठेवू नका.

प्रश्न : क्लबात बायका असतात का? मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण हात चांगला आहे. (सांगली, सध्या शिकागो)

कमी असतात, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे तिघी आहेत, आणि लेआउटवरचे डोंगर नि झाडं बघायला जी माणसं येतात ती त्यांच्या कामासाठी येतात.

तुम्ही लहानपणी दिवाळीचा किल्ला केला असेल. दगड-विटांच्या ढिगावर गोणपाट टाकून चिखल लिंपायचा, अळीव पेरायचे. इथले डोंगर म्हणजे तेच आहे : पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची, प्लास्टर लावलेलं कापड पाण्यात बुडवून तिच्यावर अंथरायचं, वाळलं की मातीचे रंग द्यायचे. अळीव तेवढे नसतात. झाडांसाठी शरद ऋतूत सेडम नावाच्या झाडाची वाळकी फुलं गोळा करतात. फूल पातळ केलेल्या फेव्हिकॉलसारख्या गोंदात बुडवायचं, झटकायचं, हिरवा फोमचा चुरा भुरभुरायचा, उलटं टांगून वाळवायचं. एका डोंगराला शेकड्याने झाडं लागतात. त्यासाठी खास ‘झाडांची रात्र’ असते, त्या रात्री सभासदांच्या बायका, नातवंडं, शेजारी असे सगळे येतात. तुम्ही तिथूनच शिरा. आणि सगळी झाडं एकाच हिरव्या रंगाची करणाऱ्यांना सांगली-मिरजेकडचं पावसाळ्यातलं रान कसं दिसतं ते दाखवून द्या.

प्रश्न : काका, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही पाच मित्र मिळून मॉडेल रेल्वे क्लब काढायचं म्हणतोय. भोर घाटाचा मोठा लेआउट करायचा विचार आहे. सुरुवात कशी करू?

एकेरीत लिहितो, घाटात तुझ्याएवढी पोरं माझ्या हाताखाली शिकून गेली.

आधी कोथरूडला जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघून ये. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं आणि 1998 पासून लोकांना खुलं असलेलं हे काम एकदा टेबलाच्या वरून बघ, आणि विनंती करून जमलं तर टेबलाच्या खालूनही बघ. वर दिसतं त्याच्या तिप्पट काम खाली असतं, हे कळल्यावरही पाचजण टिकलात तर क्लब होईल.

भोर घाट, म्हणजे आपला कर्जत-लोणावळा घाट, आत्ता करू नकोस. मोह मला कळतो. 1863 मध्ये सुरू झालेला घाट, 37 ला 1 चा चढ, खंडाळ्याजवळचं ते रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे 1929 पर्यंत गाड्या तोंड फिरवून पुढे चढायच्या, आणि 1928 पासून आलेली विजेची ‘खेकडा’ इंजिनं. माझा तर जीव तिथेच अडकलाय. पण गणित बघ. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला 87 ने भागलं तर रुळांतलं अंतर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतं. बाजारात मिळणारा एचओ रूळ साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरवरून केलेला. म्हणजे एकतर रूळ हाताने बांधा, नाहीतर डबे रुंद आणि चाकं आत अशी बसकी ध्यानं चालवा. सुरुवातीलाच दोन्ही नकोत.

त्याऐवजी बार्शी लाइट घे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू केलेली नॅरोगेज, गेज 762 मिलिमीटर. 87 ने भाग, पावणेनऊच्या आसपास येतं. आणि एन मापाचा (हे एचओहून लहान माप) तयार रूळ 9 मिलिमीटरचा असतो, जगभर मिळतो, स्वस्तही पडतो. अमेरिकेत नि युरोपात याच युक्तीने अडीच फुटी नॅरोगेज करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे इंजिनाच्या चासीही मिळतात, वरचा सांगाडा आपण कापून-घासून करायचा. कॅल्थ्रॉपनेच पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही याच गेजची लाइन केली, 1904 मध्ये. तिची मॉडेलं करणारे इंग्रज बरेच आहेत, त्यांच्या कामावरून पुष्कळ शिकता येईल. शिवाय विषय आपला आहे. लाइन 1906 मध्ये पंढरपूरला पोचली, 1927 मध्ये मिरजेला. आषाढीची गाडी, टपापर्यंत वारकरी, स्टेशनावर पताका. हे टेबलावर मांडलंस तर तुझी आजीसुद्धा स्टूल ओढून बसेल.

लेआउट एकसंध करू नकोस, मॉड्यूल कर. प्रत्येकाने आपापल्या घरी चार फुटांचा एक तुकडा बनवायचा, टोकाला रुळांची जागा, उंची आणि वायरींचे रंग सगळ्यांचे सारखे. एन मापात टी-ट्रॅक नावाची जपानी पद्धत आहे, ती यासाठी अभ्यास. मॉड्यूल काखोटीला मारून रिक्षात बसता आलं पाहिजे, एवढंच माप पुरे. भाड्याची खोली घेऊन मोठा लेआउट सुरू केलेले क्लब खोली गेली की मोडतात. मॉड्यूलवाल्यांना शाळेचा हॉल एका रविवारी मिळाला तरी भागतं.

लाकूड नीट रंगवून, चारी कडा बंद करून घे. आमच्याकडे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि रूळ वाकडे होऊन वर येतात. पुण्याच्या पावसाळ्यात ते फुगेल आणि सांध्यांत फटी पडतील. लोक उन्हाला दोष देतात, पण टेबलावरचा रूळ बहुधा लाकूड हललं म्हणून बिघडतो. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वीजवायर सोल्डर कर, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या भरवशावर राहू नकोस.

नोंदणीच्या मागे आत्ताच लागू नकोस. संस्था नोंदणी कायद्याला निदान सात सभासद लागतात, तुम्ही पाच आहात. पहिलं वर्ष एक वही पुरे : वर्गणी किती, कुणी दिली, सामान कुणाच्या घरी आहे. हे न लिहिल्याने मैत्री तुटते, रूळ वाकडा बसल्याने नाही. सहावा-सातवा सभासद कॉलेजबाहेरचा शोध. एखादा निवृत्त लोको पायलट, एखादी शाळेतली चित्रकलेची बाई. तुम्ही पाचही जण नोकरीला लागून पांगलात तरी जो पुण्यात राहील असा माणूस हवा. एक जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस करायला पुणे स्टेशनवर दरवर्षी माणसं जमतात, गाडी 1930 ची. केक कापला की गर्दी पांगते, तेव्हा फलाटावर मागे रेंगाळणाऱ्यांशी बोल. तुझे सभासद त्यांच्यात आहेत.

आणि दर दुसऱ्या रविवारी शाळेत मांड, गणपतीत मंडळाने जागा दिली तर मांड. पोरांच्या हातात कंट्रोल दे. इंजिन पडेल, एखादं मोडेलही, म्हणून लोकांसमोर चालवायचं इंजिन वेगळं आणि स्वस्तातलं ठेव.

पहिल्या दोन मॉड्यूलांची मापं ठरली की मला कळव, टेबलाची उंचीही लिही. वायरिंगचा नकाशा मी काढून पाठवतो. पॉइंटला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याला, मोटर लावायची की तो हाताने ओढायचा, तेही आत्ताच ठरवा, कारण भोकं आधी पाडावी लागतात.